दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरला पहिल्यांदाच क्लाइंबिंग वॉल: तयारी, कपडे, बूट, खर्च?

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी. दिवाळीत आठ दिवस नणंदेकडे बंगळूरला जातोय. लेकीनं (वय ११, वजन ३१ किलो) पॅरिस ऑलिंपिकमधलं क्लाइंबिंग बघितल्यापासून भिंत चढायचा ध्यास घेतलाय, आणि खरं सांगायचं तर मलाही चढायची आहे. मी ४३ वर्षांची, ५८ किलो. मिस्टर ४७, ९१ किलो. तिघांनीही आजवर कधी हात लावलेला नाही. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता (फ्रोजन शोल्डर), आता दुखत नाही.
हातात तीन आठवडे आहेत. बजेट तिघांचं मिळून तीन हजार, त्याच्या वर नको.
विचारायचं ते असं: दोराची भिंत बरी की बिनदोराची? घरी व्यायाम काय करावा? बूट विकत घ्यावे लागतात का? आणि तिथं गेल्यावर कशावर नजर ठेवायची, म्हणजे जागा सुरक्षित आहे की नाही ते कळेल?

कातळकडा
ताई, बंगळूरला जाऊन प्लॅस्टिकचे होल्ड (भिंतीवरच्या पकडी) कशाला धरताय? शहरापासून ५० किलोमीटरवर रामनगर आहे, ग्रॅनाइटचे एकसंध सुळके. सावनदुर्ग आहे. कोल्हापूरहून जाताना थोडी वाट वाकडी केलीत तर बदामी आहे, तिथला लाल वालुकाश्म चढायला जगभरातून लोक येतात. हाताला खरा दगड लागला की भिंतीचं नाव काढणार नाही. एक दोर, तिघांचे हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, चार-सहा कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या) एवढं घेतलंत की आयुष्यभराची सोय.

दोरगाठ
@कातळकडा, त्यांचं बजेट तीन हजार आहे. चांगला डायनॅमिक (झटका सोसायला ताणणारा) दोर एकटाच त्याच्या कितीतरी पुढे जातो. शिवाय अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) कोण लावणार? पहिल्यांदा चढणाऱ्यांना रामनगरला पाठवायचं तर सोबत जाणता माणूस हवाच.

@रंकाळाकाठची, आधी प्रकार समजून घ्या म्हणजे निवड सोपी होईल.

बोल्डरिंग म्हणजे बिनदोराची भिंत. उंची साधारण ४ ते साडेचार मीटर, खाली फूटभर किंवा जास्त जाडीची गादी. हार्नेस, गाठ काही नाही. बूट घातले की चढायचं. पण इथं प्रत्येक वेळी हात सुटला की माणूस थेट गादीवर येतो. चाळिशीनंतर घोटा आणि मनगट याच प्रकारात जास्त जातात.

टॉप रोप म्हणजे दोर आधीच वरून ओवलेला असतो. एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, दुसरं खाली बीले देणाऱ्याकडे, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याकडे. हात सुटला तर माणूस जागच्या जागी लोंबकळतो. भिंत १० ते १५ मीटर. नवख्यांसाठी, विशेषतः तुमच्या वयाला, माझं मत ठामपणे टॉप रोप. लीड क्लाइंबिंगचा (दोर आपणच खालून नेत, वाटेत अडकवत चढण्याचा) पहिल्या दिवशी विचारही नको.

आता एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही. टॉप रोपचा दोर रबरासारखा थोडा ताणला जातो. १२ मीटरच्या भिंतीवर खालून वर आणि वरून खाली मिळून वीसेक मीटर दोर मधे असतो, त्यामुळे चढणारा अगदी खाली असताना सुटला तर मीटर-दीड मीटर सहज खाली येतो. म्हणजे पहिल्या दोन मीटरमध्ये दोर असूनही पाय जमिनीला टेकू शकतात. म्हणून सुरुवातीला बीले देणाऱ्याला "टाइट" म्हणून सांगा, दोर पोटाशी ताणलेला जाणवला पाहिजे. वर गेल्यावर थोडा ढिला चालतो.

आणि वजनाचा मुद्दा. मिस्टर ९१ आणि तुम्ही ५८. तुम्ही त्यांना बीले देऊ नका. ते सुटले की तुम्ही उचलल्या जाल, समोरच्या भिंतीवर आपटाल. त्यांना तिथला प्रशिक्षकच बीले देईल, आणि तोही किरकोळ अंगाचा असेल तर त्याला जमिनीतल्या अँकरला किंवा वाळूच्या पोत्याला बांधून घ्यायला सांगा. हे मागायला संकोच करू नका, चांगल्या ठिकाणी न सांगताच करतात.

बे_एरिया_मराठी
आमच्या इथल्या जिममध्ये सगळीकडे ऑटो बीले आहेत. वर यंत्र असतं, पट्टा आपोआप गोळा होतो, सुटलात की चुंबकीय ब्रेकनं सावकाश खाली सोडतं. ट्रूब्लूसारखं यंत्र १० ते १५० किलोपर्यंत चालतं, म्हणजे तुमची लेक आणि मिस्टर दोघंही त्यात बसतात. बीले देणारा माणूस शोधायचीच गरज नाही. तिकडे असेल तर तेच घ्या.

बुटांचं म्हणाल तर भाड्याचे घेऊ नका. माझ्याकडे ला स्पोर्टिवाचे टॅरंट्युलेस आहेत, लेसचे. पाय अरुंद असो की रुंद, बसतात. तिघांचे तीन जोड घेतलेत तर पुढची तीन-चार वर्षं बघायला नको.

दोरगाठ
ऑटो बीलेबद्दल एक भर. या यंत्रांवरचे गंभीर अपघात बहुतेक यंत्र बिघडून होत नाहीत, पट्टा अडकवायलाच विसरल्यामुळे होतात. दोन-तीनदा चढून झालं, गप्पांत रमलं, भिंतीला हात लावला आणि निघाले वर. म्हणून भिंतीच्या पायथ्याशी तिरकं कापड किंवा फाटक लावलेलं असतं, पट्टा त्यालाच अडकवून ठेवतात, म्हणजे तो काढल्याशिवाय चढताच येत नाही. ते कापड दिसलं तर जागा जबाबदार आहे असं समजा. आणि लेक चढताना कॅरॅबिनर तुम्ही स्वतः ओढून बघा, दर वेळी.

मल्लेश्वरमवासी
बंगळूरची माहिती देते. कंठीरवा स्टेडियममध्ये दोराची भिंत आहे, कब्बन पार्क मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. ती उघड्यावर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथं ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि तो बहुतेक दुपारनंतर, संध्याकाळी कोसळतो. ओले होल्ड धरता येत नाहीत, म्हणून सकाळची वेळ घ्या. शाळा-कॉलेजांच्या बॅचेस आणि स्पर्धा चालू असल्या की बाहेरच्यांना वेळ मिळत नाही, तेव्हा आधी फोन करूनच निघा. दिवाळीचे दिवस तर नक्की विचारा.

खासगी बोल्डरिंग जिम शहरात आहेत, छताखाली, पावसाचा प्रश्न नाही. पण त्यांचे दर जास्त असतात आणि शनिवार-रविवारी भिंतीपुढं रांग लागते. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या आत गेलात तर भिंत जवळजवळ तुमचीच.

दर विचारताना हे नक्की विचारा: प्रवेश फीमध्ये बूट आणि हार्नेस धरलेत का, प्रशिक्षकाचे पैसे वेगळे का, वेळ तासाची की दिवसभराची, आणि न चढता नुसतं बघायला बसणाऱ्याचे पैसे लागतात का. फोनवर सांगितलेला आकडा आणि हातात पडलेलं बिल यात फरक पडतो तो या चार गोष्टींनी.

चुनखडी
पहिल्या दिवशी दोर? मला पटत नाही. तासभर पैसे भरून दोराच्या भिंतीवर माणूस प्रत्यक्ष दहा-बारा मिनिटं चढतो, बाकी वेळ आपली पाळी येईपर्यंत उभा. बोल्डरिंगमध्ये तेवढ्या वेळात वीस-पंचवीस वेळा चढून होतं. पाय कसा ठेवायचा ते तिथंच कळतं. तीन हजारांत तिघांना खऱ्या अर्थानं चढायला मिळायचं असेल तर बोल्डरिंग.

पडायचं कसं ते शिकून घ्या, पाच मिनिटं लागतात. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे वाकलेले, टेकताच बूड खाली आणि पाठीवर लोळण. हात छातीशी घट्ट. हात मागे टेकून स्वतःला सावरायचं नाही, मनगट आणि कोपर तिथंच मोडतात. आणि शक्यतो पडायचंच नाही: वर पोचलात की उडी न मारता मोठमोठे होल्ड धरत खाली उतरा, शेवटच्या अर्ध्या मीटरवरून पाय सोडा. दुसरा कुणी चढत असेल तर त्याच्या खालच्या गादीवर थांबायचं नाही, आणि मुलांना हे दहादा सांगावं लागतं.

नाशिकची_फिजिओ
खांद्याचं आधी बघू या, बाकी नंतर.

भिंतीला पाठ, डोकं आणि टाचा टेकून उभ्या राहा. हात कोपरात सरळ ठेवून समोरून वर न्या. कंबर भिंतीपासून न सुटता दंड कानाला लागला पाहिजे आणि अंगठा मागच्या भिंतीला. मग दोन्ही कोपरं कुशीला चिकटवून, नव्वद अंशांत वाकवून, पंजे बाहेरच्या बाजूला फिरवा. उजवा डाव्याइतका जातो का बघा. फ्रोजन शोल्डरमध्ये सगळ्यात उशिरा परत येते ती हीच हालचाल, आणि वेदना गेली म्हणजे हालचाल परत आली असं नसतं. फरक ठळक असेल तर त्या हातावर लोंबकळू नका. ओव्हरहँग, म्हणजे अंगावर झुकलेली भिंत, पूर्ण टाळा. स्लॅब, म्हणजे आपल्यापासून मागे कललेली भिंत, चढता येईल. तिथं वजन पायांवर असतं.

तीन आठवड्यांत ताकद फारशी वाढत नाही, पण सांधे आणि पाय तयार होतात. दिवसाआड करा:
स्टुलावर (गुडघ्याच्या थोड्या खाली येईल असं) एका पायानं चढायचं आणि तीन आकडे मोजत सावकाश उतरायचं, दर पायानं ८ वेळा, असे तीन फेरे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली, १२ वेळा, तीन फेरे. क्लाइंबिंगच्या बुटात सगळा भार चवड्यावर येतो, पोटऱ्या थरथरायला लागतात, त्यावर हाच उपाय. उकिडवं बसणं, एक-एक मिनिट, दिवसातून तीनदा. त्यानं कंबर भिंतीजवळ ठेवता येते. आणि बागेतल्या बारला हात धरून, पाय जमिनीवरच ठेवून, निम्मं वजन हातावर, १० सेकंद, पाच वेळा. खांदा टोचला तर हा शेवटचा सोडून द्या.

मिस्टरांना पुलअप्स करायला लावू नका. तीन आठवड्यांत पुलअप्सच्या मागं लागलेल्यांची कोपरं दुखून येतात. जायच्या आधीचे तीन दिवस पूर्ण विश्रांती. रक्तदाब असेल तर गोळी चुकवायची नाही, आणि वर असताना श्वास रोखून धरायचा नाही.

कातळकडा
स्लॅबचंच म्हणायचं तर रामनगरच्या ग्रॅनाइटसारखा स्लॅब नाही. आपल्या सह्याद्रीत तसा मिळत नाही, बेसॉल्ट उभा आणि ठिसूळ, हाताशी निघून येतो.

पाऊलवाट_७१
सरसकट ठिसूळ म्हणू नका. तैलबैल्याच्या भिंती काय ठिसूळ आहेत? लाव्ह्याचे थर वेगवेगळे. टणक थरात उत्तम पकडी मिळतात, त्यांच्या मधले भुसभुशीत, लालसर मातकट पट्टे तेवढे वाईट. पावसाळ्यानंतर लगेच चढलात तर सुटे दगड निघतात, डिसेंबर-जानेवारीत तोच कडा वेगळा वागतो.

कातळकडा
तैलबैला अपवाद. ढाकला जा आणि मग बोला.

पाऊलवाट_७१
ढाकचा बहिरीही बेसॉल्टच. मुद्दा थराचा आहे, डोंगराच्या नावाचा नाही.

गोठण
धागा भिंतीचा आहे हो. ताई, माझ्याकडून दागिन्यांबद्दल, कारण पुरुषमंडळी ते सांगणार नाहीत.

अंगठी काढाच. होल्डमध्ये अंगठी अडकली आणि पाय सुटला तर बोटाची कातडी सोलून निघते, टाके घालूनही बोट वाचेल याची खात्री नसते. बांगड्या, कडं, घड्याळ, कानातले लोंबते डूल, सगळं घरी. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत घातलं तरी चालत नाही, हार्नेसच्या पट्ट्यात आणि दोरात अडकतं, ते काढून ठेवायचं. आणि जोडवी! क्लाइंबिंगचा बूट पायाला इतका घट्ट बसतो की जोडवं शेजारच्या बोटात रुततं आणि पाच मिनिटांत डोळ्यांत पाणी येतं. घट्ट बसलेली असतील तर आदल्या रात्री साबण लावून काढा, तिथं जाऊन निघत नाहीत.

वेणी घालून आंबाडा बांधा. मोकळी वेणी बीलेच्या यंत्रात गेली तर दोर थांबतो आणि केस तिथंच अडकून बसतात. लेकीचीही.

कपडे: लेगिंग किंवा ताणणारी ट्रॅक पँट. जीन्स नको, पाय कमरेपर्यंत उचलता येत नाही. अगदी आखूड चड्डीही नको, मांडीला हार्नेसचे पट्टे काचतात. टी-शर्ट लांब हवा, म्हणजे हार्नेसखाली खोचता येतो. कुर्ता, ओढणी नको. खिशात मोबाइल, किल्ली काही नाही.

साताराकर
नखं कापा. लांब नख होल्डवर दुमडतं. हाताची आणि पायाची, दोन्ही.

बे_एरिया_मराठी
नखांबद्दल +१. दोन दिवस आधी कापा, त्याच दिवशी कापली तर बोटांची टोकं हुळहुळी राहतात.

चॉकही (हाताचा घाम शोषणारी पांढरी पूड) घ्या. चॉक बॅग, चॉक बॉल आणि ब्रश असा सेट मिळतो. माझा सेट ब्लॅक डायमंडचा आहे. आणि ऑलिंपिकमधली ती १५ मीटरची स्पीडची भिंत जगभर सगळीकडे एकसारखी असते, तेच होल्ड, त्याच जागी. लेकीला ती करायला द्या. पॅरिसमध्ये सुवर्णपदकवाल्यानं ४.७४ सेकंदांत केली होती.

चुनखडी
४.७४ सॅम वॉटसनचा, तो विश्वविक्रम होता पण पदक कांस्य मिळालं. सुवर्ण इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोला, अंतिम फेरीत ४.७५. आणि ती भिंत ११ वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी देऊ नका, पाच अंश अंगावर झुकलेली असते आणि होल्ड लांब लांब. तिला सोपे, मोठे होल्ड द्या: बोल्डरिंगला काठिण्याच्या श्रेणीतलं व्ही शून्य किंवा त्याखालचं, दोरावर फ्रेंच श्रेणीतलं ४.

चॉकवर पैसे घालवू नका. पहिल्या तासाला घाम पुसायला रुमाल पुरतो, आणि बऱ्याच ठिकाणी चॉक ठेवलेलं असतं. दमा असेल कुणाला तर बंद जिममध्ये चॉकची धूळ त्रास देते, इनहेलर बरोबर ठेवा.

दोरगाठ
तुमचा चौथा प्रश्न राहिला होता: तिथं गेल्यावर नजर कशावर ठेवायची. हे सविस्तर लिहितो, कारण इथंच खरी गोष्ट आहे.

हार्नेस: कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर, बेंबीच्या पातळीला. आवळल्यावर आत सपाट पंजा जाईल पण मूठ फिरणार नाही इतपत घट्ट. मग पट्टा दोन्ही हातांनी खाली ओढा. हाडावरून खाली सरकला तर मोठा आहे, बदलून मागा. तुमच्या लेकीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. या वयात काही मुलींची कंबर अजून सरळ असते, डोकं खाली, पाय वर झाले तर हार्नेस निसटतो. तसं असेल तर छातीला पट्टा असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस द्यायला सांगा. जुन्या पद्धतीच्या बकलमध्ये पट्टा एकदा ओवून पुन्हा उलटा ओवावा लागतो. उलटा ओवला नसेल तर वजन आल्यावर सुटतो. शिलाईचे धागे विस्कटलेले, पट्टा रंग उडून कडक झालेला दिसला तर तो घालू नका. उघड्या भिंतीवर उन्हानं नायलॉन खराब होतं.

गाठ: दोर थेट हार्नेसला बांधत असतील तर फिगर ऑफ एट, परत ओवलेली. बघायला सोपी आहे. गाठीत दोराच्या जोड्या समांतर, एकमेकींना न ओलांडता, अशा पाच जोड्या मोजता आल्या पाहिजेत. उरलेलं शेपूट किमान वीतभर. आणि दोर हार्नेसच्या कमरेच्या आणि पायांच्या अशा दोन्ही फाशांतून गेला पाहिजे, एकातून नाही. कॅरॅबिनरनं अडकवत असतील तर तो लॉक होणारा हवा, आणि स्क्रू फिरवल्यावर दाबून बघायचा, उघडतो का.

बीले: ब्रेकचा हात, म्हणजे दोर खाली धरणारा हात, एक क्षणही सुटता कामा नये. प्रशिक्षक एका हातानं मोबाइल बघत बीले देत असेल, किंवा चढणाऱ्याकडे न बघता कुणाशी बोलत असेल, तर पैसे गेले तरी चालतील, उतरा आणि निघा. ग्रीग्रीसारखं आपोआप दाबून धरणारं यंत्र असलं तरी ब्रेकचा हात लागतोच.

चढायच्या आधी दोघांनी एकमेकांचं तपासायचं: बकल, गाठ, बीले यंत्र, लॉक. बोट लावून, मोठ्यानं बोलून.

आणि सगळ्यात उपयोगी सराव हा. पहिल्यांदा फक्त दोन मीटर चढा, "टेक" म्हणा, दोर ताणला की दोन्ही हात सोडून हार्नेसमध्ये बसा. मग "लोअर" म्हणा. पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे जवळजवळ सरळ, कमरेच्या उंचीला भिंतीवर टेकवलेले, अंग मागे झुकवून भिंतीवर चालत खाली. दोर धरायचा नाही, होल्ड धरायचे नाहीत. पहिल्यांदा वर जाऊन घाबरलेली माणसं बहुतेक चढताना नाही, हात सोडून खाली यायच्या वेळी घाबरतात. वर १२ मीटरवर होल्डला मिठी मारून बसतात, हात भरून येतात आणि मग खाली येणं जास्तच भीतीचं होतं. दोन मीटरवर हे करून घेतलं की ती भीती राहत नाही.

मल्लेश्वरमवासी
प्रशिक्षक कन्नड, हिंदी, इंग्रजी बोलतात, मराठी नाही. पण भिंतीवरचे शब्द सगळीकडे तेच: टाइट, स्लॅक (दोर ढिला सोडा), टेक, लोअर. लेकीला हे चार घरीच पाठ करून ठेवा.

नाशिकची_फिजिओ
वर जाताना हात वाकवून स्वतःला ओढू नका. हात सरळ ठेवायचे, गुडघे वाकवून पायांनी वर ढकलायचं. होल्डवर तळव्याचा मधला भाग नाही, अंगठ्याजवळची आतली कड टेकवायची. पाय बघून ठेवायचा, ठेवल्यावर हलवायचा नाही. नवशिक्यांचे हात पाचव्या मिनिटाला दगडासारखे होतात ते होल्ड गरजेपेक्षा जास्त आवळल्यानं. दोन चढाईंच्या मधे किमान पाच मिनिटं थांबा. लेकीला बारीक कडांवर बोटं दुमडून लटकू देऊ नका, वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची टोकं पक्की झालेली नसतात.

साताराकर
बंगळूरपर्यंत कशाला थांबायचं? पुण्यात शिवाजीनगरला भिंत आहे, कोल्हापूरहून एका दिवसात जाऊन येता येतं.

रंकाळाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. पुणे सध्या जमणार नाही, सुट्टी बंगळूरचीच आहे.

खांद्याची परीक्षा केली. हात वर कानापर्यंत जातो, पण बाहेर फिरवताना उजवा डाव्याच्या बराच आधी थांबतो. @नाशिकची_फिजिओ, म्हणजे मी स्लॅबवरच ना?

दोन-तीन ठिकाणी फोन लावले. एका ठिकाणी दोर, प्रशिक्षक, हार्नेस, बूट धरून दर बजेटमध्ये बसतोय. अडचण एकच, भाड्याचे बूट ३६ नंबरपासून पुढचेच आहेत. लेकीचा पाय ३४. काय करू?

नाशिकची_फिजिओ
हो, स्लॅबच. आणि उजवा हात खांद्याच्या उंचीच्या फार वर न नेता, छोट्या पावलांनी चढा. लांबचा होल्ड झेपावून धरायचा मोह टाळा.

चुनखडी
दोन नंबर मोठे बूट घालून देऊ नका. टोक रिकामं राहिलं की चवड्याखाली बूट दुमडतो आणि पाय घसरतो. त्यापेक्षा तिचे पातळ तळव्याचे, घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट चालतील. पहिल्या दिवसाच्या मोठ्या होल्डवर काही अडत नाही. जाड तळव्याचे धावायचे बूट नकोत, त्यात होल्ड पायाला जाणवत नाही.

दोरगाठ
सहमत. ११ वर्षांच्या पायाला विकत घेऊ नका, सहा महिन्यांत लहान होतात. कॅनव्हास पुरे.

साताराकर
कॅनव्हासच बरे. आमच्या शेजारच्यांकडे मुलाचे क्लाइंबिंगचे बूट नवेकोरे पडून आहेत.

बे_एरिया_मराठी
घ्या हो. पण मुलांचे वेल्क्रोवाले, सपाट तळव्याचे. वाकड्या टोकाचे मुलांना देत नाहीत.

मल्लेश्वरमवासी
कॅनव्हास. आणि सुट्टीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा, म्हणजे आवडलं तर एक दिवस सोडून परत जाता येईल. पाऊस आला तरी पर्याय राहतो.

रंकाळाकाठची
ठरलं ते सांगते.

दोराचीच भिंत. तिघंही चढणार. मिस्टरांना त्यांच्या जोडीचा दणकट प्रशिक्षक आणि जमिनीचा अँकर द्यायचं फोनवर कबूल करून घेतलंय. मी स्लॅबवर.

बूट मात्र लेकीला घेतले. मुलांचे, वेल्क्रोचे, सपाट, ३४ नंबर, अंगठा पुढं टेकतो पण दुमडत नाही. तिला दुकानात घालून पायरीच्या कडेवर उभं केलं, टाच सुटत नव्हती. बजेटच्या वर गेलं हे खरं. पण तिच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळवा झिजून गुळगुळीत झालाय आणि तिचा पाय कुठं घसरला तर पुन्हा भिंतीजवळ जायची नाही, हे मला तिची आई म्हणून माहीत आहे. लहान झाले की पुढं कुणाला तरी देईन.

आणि जाणार सुट्टीच्या शेवटच्या आदल्या दिवशी, सकाळी. आधी नणंदेकडे फराळ, भाऊबीज, पाहुणे. त्यात हातपाय दुखत बसायला नको. पाऊस आला तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ आत्ताच धरून ठेवलीय, गाडी रात्रीची आहे.

दोरगाठ
दोन्ही सकाळी वेळ धरलीत हे उत्तम. बूट पायाला बरोबर असतील तर ठीक. एकच करा: नवं रबर पहिल्यांदा गुळगुळीत असतं, वर कारखान्यातला पातळ थर असतो. चढायच्या आधी तळवा ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि दोन तळवे एकमेकांवर घासा. आणि भिंतीपासून स्वच्छतागृहापर्यंत ते बूट घालून जाऊ देऊ नका, मातीचा कण लागला की तेच रबर घसरतं. येण्या-जाण्याला चपला बरोबर ठेवा.

कातळकडा
बदामीला कधी जाताय ते कळवा.